सिटीची थरथर आणि रेडिएटरची चार रबरं

७ एप्रिल २०२४, रविवार

गाडी: होंडा सिटी १.५, २००१ची, हाताच्या गिअरची. किलोमीटर १,३८,४१२. पहिलं पासिंग पंधरा वर्षांचं, मग दोनदा पाच-पाच वर्षं वाढवून घेतलं. आता २०२६ पर्यंत निवांत.

तक्रार: सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली आणि एसी चालू असला की स्टिअरिंगमध्ये मुंग्या आल्यासारखी थरथर. आतल्या आरशात मागचा रिक्षावाला धूसर दिसतो. एसी बंद केला की जाते. पण भांडुपच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडलं तर एसी बंद असूनही मधूनच येते, मिनिटभर राहते, जाते. दुसरं म्हणजे स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून एक 'टक'. सस्पेन्शनचा आवाज पायाखालून येतो, हा बोनेटच्या तोंडापासून येतो. बायकोला यातलं काहीही जाणवत नाही. म्हणते, "तुम्ही गाडी चालवता की तिची नाडी बघता?"

गेल्या वर्षी याच थरथरीपायी इंजिनाची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, बदलून झाली. गॅरेजवाल्याने सांगितलं, मी मान डोलावली, पैसे दिले. पंधरा दिवस बरं वाटलं. ते बरं वाटणं माउंटिंगचं होतं की मोजलेल्या नोटांचं, हे आता कळायला मार्ग नाही. म्हणून या वेळी लिहून ठेवतोय.

धागा एकच सापडतो: एसी बंद असताना 'मधूनच येते आणि जाते'. मधूनच येणारी आणि जाणारी वस्तू पुढे एकच आहे, रेडिएटरचा पंखा. एसी लावला की दोन्ही पंखे फिरतात, एक रेडिएटरचा आणि एक एसीच्या कंडेन्सरचा, म्हणजे रेडिएटरला लागून असलेल्या एसीच्या जाळीचा. एसी नसेल तर पाणी तापल्यावर रेडिएटरचा एकटा फिरतो.

दुपारी खात्री केली. इंजिन बंद, किल्ली फक्त 'ऑन'वर. पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या फॅन-स्विचचा दोन पिनांचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. पंखा सुरू. आत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवला तर तीच थरथर, जशीच्या तशी. इंजिन बंद आहे! म्हणजे गेल्या वर्षीची माउंटिंग बिचारी निर्दोष होती. (हा वायरचा उद्योग माझ्या गाडीत चालतो. नव्या गाड्यांत तिथे नुसता सेन्सर असतो आणि पंखा ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, चालवतो. तिथे पिना जोडायला जाऊ नये.)

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गुढी उभारून झाली, श्रीखंड व्हायचं होतं. तेवढ्या वेळात बोनेट उघडलं. इंजिन रात्रभर थंड, तरी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. या पंख्यांचा भरवसा नसतो आणि बोटं दहाच आहेत.

रेडिएटरच्या वरच्या टाकीला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकललं. डावीकडे बोटभर हलला आणि 'टक'. उजवीकडे त्याहून कमी, पण तोही हलला. शेजारच्या काकांची दहा वर्षांची गाडी बाजूलाच होती, त्यांना विचारून तिचाही रेडिएटर ढकलून बघितला. तोही हलतो, पण दाबल्यासारखा हलतो आणि हात सोडला की मुकाट जागेवर येतो. आवाज नाही. माझा हात सोडल्यावर जिथे ढकलला तिथेच राहतो.

काकांनी विचारलं, "पाडव्याला नवीन घेतात लोक. तुम्ही जुनी हलवून काय बघताय?"

बसवायची पद्धत साधी आहे. खालच्या प्लॅस्टिकच्या टाकीला दोन खुंट्या. त्या खुंट्या पुढच्या आडव्या पत्र्यातल्या दोन खोबणींत बसतात, मध्ये रबराच्या वाट्या. वर दोन छोट्या पट्ट्या, प्रत्येकी दहाचा पाना लागणाऱ्या एका बोल्टने आवळलेल्या, त्यांच्या पोटातही रबर. अशी चार रबरं. रेडिएटरचं सगळं वजन, आतलं पाणी, वर मागे लटकलेला पंखा, हे खालच्या दोघांवर. वरची दोन नुसती धरून ठेवायला.

आरसा आणि टॉर्च घालून खाली बघितलं. डाव्या वाटीची कड चपटी होऊन बाहेर आली आहे, शिळ्या भाकरीच्या कडेसारखी भेगाळलेली. खुंटी जवळजवळ पत्र्यावर टेकली आहे. वरच्या डाव्या पट्टीतलं रबर बोटाने दाबलं तर नखाला काळी पूड लागली.

तेवीस वर्षं टिकली, आणखी काय करायला हवं होतं त्यांनी? रबराला मारतात उष्णता, ओझोन आणि सततचा दाब. इथे तिन्ही आहेत, वर चार महिने पावसाचं पाणी आणि खारी हवा. सतत दाबाखाली राहिलेलं रबर हळूहळू फुगवटा विसरतं, दाब काढला तरी पुन्हा उभं राहत नाही. मग पंख्याची थरथर गिळणारं कोणी उरत नाही, ती पत्र्यातून सरळ स्टिअरिंगपर्यंत पोचते.

घाई का करायची, तर होजसाठी, म्हणजे रेडिएटरला पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या रबरी पाइपांसाठी. रेडिएटर डुलत राहिला की प्रत्येक खड्ड्याला होज पाइप टाकीच्या तोंडाला हिसका देतो. टाकी प्लॅस्टिकची, आता ठिसूळ झालेली. ते तोंड तडकलं की सगळं पाणी रस्त्यावर, आणि ते नेमकं घाटात होणार.

१३ एप्रिल, शनिवार

ऑपेरा हाऊसला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिसऱ्या दुकानात वरची दोन रबरं मिळाली, पाकीटबंद. खालची नाहीत. "आठ-पंधरा दिन में मंगा दूँगा," म्हणाला. ऑर्डर दिली.

तिथून कुर्ला, सीएसटी रोड. इथे मोडलेल्या गाड्यांचं काय वाट्टेल ते मिळतं. एका पोऱ्याने दोन मिनिटांत खालच्या वाट्यांची जोडी काढून हातावर ठेवली. चांगली काळीभोर. पण हा काळेपणा बऱ्याचदा पॉलिशचा असतो. नख रुतवलं, वळ तसाच राहिला. वाकवून बघितली, वळणावर बारीक जाळी उठली. माझ्या गाडीएवढ्याच वयाच्या गाडीतली ती रबरं, वेगळी काय असणार? दरवाजा घ्या, हँडल घ्या, आरसा घ्या, पण कुर्ल्याला रबर घेऊ नये. पोऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "फिर चाय पीके जाओ."

२० एप्रिल, शनिवार

आजची नोंद लिहायला जरा लाज वाटते.

ऑर्डरची रबरं यायची होती, मला दम नव्हता. ऑफिसातून येताना नागदेवी स्ट्रीटला उतरलो आणि एका दुकानातून जाड रबरी पट्ट्याचा तुकडा घेतला. वीतभर तुकडा, चाळीस रुपये. घरी कात्रीने कापेना, शेवटी लाकडाची करवत लावली तेव्हा कडेला कापडाचे थर दिसले. कन्व्हेयर बेल्टचा तुकडा होता तो. तिथेच थांबायला हवं होतं. चकत्या कापल्या, भोकं पाडली, कडेने चिरल्या, रेडिएटर जरा उचलून खुंट्यांभोवती टाकी आणि वाट्यांच्या मध्ये सरकवल्या, वरच्या पट्ट्या जोर लावून आवळल्या. हाताने ढकलला तर तसूभर हलेना. मीच माझी पाठ थोपटली.

गाडी सुरू केली, एसी लावला. स्टिअरिंग सोडा, आता डॅशबोर्डसुद्धा गुणगुणायला लागला.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी मेस्त्रींकडे गेलो. हे माझे जुने मेस्त्री, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटींवर हात बसलेला माणूस. आता गॅरेज मुलाकडे दिलंय, स्वतः बाहेर स्टुलावर बसतात. त्यांनी बोनेटमध्ये नुसतं डोकावून बघितलं, दोन बोटांनी रेडिएटर ढकलला आणि हसले.

"साहेब, ह्याला जखडलात कशाला? पाळण्यातलं पोर बांधून ठेवतात काय? पाळणा हलला पाहिजे, पोर पडता नये."

यावर मी काय बोलणार? घरी येऊन विचार केला तेव्हा ते वाक्य सगळ्या बाजूंनी खरं निघालं. एक, पंख्याची थरथर मऊ रबरातच जिरते. कठीण रबर म्हणजे नुसता पूल, थरथर इकडून तिकडे पोचवणारा. दोन, रेडिएटर तापला की वाढतो. अर्धा मीटर अॅल्युमिनियम सत्तर अंशांनी तापलं तर सुमारे ०.८ मिलिमीटर लांबतं. कागदावर काहीच नाही, पण दोन्ही टोकं आवळून ठेवली तर ते ०.८ मिलिमीटर जाणार कुठे? टाकी आणि जाळी जिथे जोडलेल्या असतात त्या सांध्यावर. तीन, खड्ड्यात गाडीचा पुढचा सांगाडा किंचित पिळतो. रेडिएटरने त्याच्याबरोबर पिळू नये म्हणून तर तो तरंगता ठेवलेला. रेसिंगवाले पोरगे रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनच्या बुश घालतात, त्या सस्पेन्शनला शोभतात. इथे नकोत.

चकत्या काढून टाकल्या. पुन्हा जुनीच रबरं, जुनीच थरथर. आता ती जवळजवळ प्रेमळ वाटली.

३० एप्रिल, मंगळवार

खालची रबरं आली. नख रुतवून बघितलं, वळ लगेच भरला. कापडाने पुसलं, कापड काळं झालं नाही. जुन्या वाटीशेजारी ठेवून उंची मोजायला मात्र जुनी बाहेर काढेपर्यंत थांबावं लागणार.

४ मे, शनिवार

भाच्याला बोलावून घेतलं. बारावी झालेला, सुट्टीवर, दंडात जोर. सकाळी सात वाजता सुरुवात केली, कारण आठनंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सल्लागार जमतात.

पाणी काढायची गरज नाही, हे आधीच ठरवलं होतं. होज न काढता रेडिएटर दोन इंच उचलता येतो, तेवढी ढील पाइपांत असते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असती तर तेलाच्या नळ्याही रेडिएटरला आल्या असत्या, मग जपून. इंजिन थंड, बॅटरी सुटी, दोन्ही पंख्यांचे कनेक्टर काढलेले. रेडिएटरचं झाकण उघडायचा प्रश्नच नाही.

वरचे दोन बोल्ट दहाच्या गोटीने (सॉकेटने) सुटले. डावा सुटताना कुरकुरला, त्याच्या आट्यांत गंज. भाच्याने दोन्ही कोपरे धरून रेडिएटर सरळ वर उचलला. उजवी खुंटी 'पच्' आवाज करून बाहेर आली. डावी येईना.

"मामा, अडकलंय. झटका देऊ?"

"झटका दिलास तर नवीन रेडिएटर तुझ्या बाबांकडून."

तेवीस वर्षांत रबर खुंटीला चिकटून एक झालं होतं. लांब नाकाच्या पकडीने ते कडेने सोडवत बसलो. दहा मिनिटं गेली. भाचा रेडिएटर धरून घामाघूम, दर मिनिटाला "मामा, सोडू का?" शेवटी पाटाच्या फळीचे दोन तुकडे खालच्या टाकीखाली सरकवले, त्यावर वजन ठेवलं आणि त्याचे हात सुटे केले. हे आधी सुचायला हवं होतं. रबर निघालं ते तीन तुकड्यांत. तळहातावर जुळवलं तर नव्याच्या निम्म्याहून थोडंच उंच. तळाचा भाग पापडाएवढा पातळ, मधोमध खुंटीचा ठसा चकचकीत झालेला. वास जळक्या टायरचा.

खुंटी बोटांनी चाचपली. एका बाजूने घासून किंचित चपटी झाली आहे, प्लॅस्टिक पांढुरकं पडलंय. भेग नाही. नवीन वाटीत घालून फिरवली, घट्ट बसते. तेवढ्यावर भागेल.

मग खोबण. रबर निघाल्यावर खाली दिसला चिखलाचा घट्ट गोळा, त्यात एक बदामाचं पान आणि गंजाचे पापुद्रे. पेचकसाने खरवडल्यावर कळलं की खोबणीच्या तळाला पाणी जायला एक भोक आहे, तेच बुजलं होतं. पाणी वर्षानुवर्षं तिथेच साचलं आणि पत्रा खात गेलं. पेचकस दाबून बघितला, आरपार गेला नाही. बचावलो. आणखी दोन-तीन पावसाळे गेले असते तर रबराऐवजी वेल्डिंग झालं असतं.

तारेचा ब्रश, मग गंज काळा करणारं रसायन, ते सुकल्यावर झिंक प्रायमर. सुकायला वेळ लागणारच, म्हणून गाडी तशीच फळ्यांवर रेडिएटर ठेवून उभी. साडेनऊला सेक्रेटरी येऊन विचारून गेले की पार्किंगमध्ये गॅरेज उघडायची परवानगी कोणी दिली. त्यांना चहा दिला.

वाळेपर्यंत पंख्याचं पातं हाताने फिरवलं. एका पात्याच्या मागे सुकलेल्या चिखलाचा थर, नखाएवढा जाड. बाकीची पाती स्वच्छ. म्हणजे थरथरीचा जन्म इथे, आणि रबरांनी तिला अडवणं सोडलेलं. ओल्या फडक्याने पुसून काढलं. आता हे काढल्यामुळे उद्या फरक कशाने पडला हे नेमकं कळणार नाही, पण तेवढ्या शास्त्रासाठी चिखल परत थापायचा नव्हता.

५ मे, रविवार

काळ्या रंगाचा एक हात देऊन रात्रभर सुकवलं होतं. नव्या वाट्या खोबणीत बसवल्या. बसवताना साबणाचं पाणी लावलं; ग्रीस किंवा तेल नाही. असली रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, उष्णता आणि ओझोन झेलतात, पण खनिज तेल लागलं की फुगतात. भाच्याने उचलला, मी फळ्या काढल्या, "हळू, हळू, माझ्या बाजूने," आणि दोन्ही खुंट्या आपसूक आत गेल्या. कालच्या झटापटीनंतर हे इतकं सोपं गेलं की दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

वरची रबरं पट्ट्यांत घातली. रबराच्या पोटात धातूची नळी असते, बोल्ट त्या नळीवर येऊन थांबतो, रबर चिरडत नाही. ती नळी जुन्या रबरातून काढून नव्यात घालायला विसरायचं नाही. मी विसरलो होतो, एक नळी जमिनीवर दिसली म्हणून कळलं. बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचे, त्यांना आवळायला एक किलोग्रॅम-मीटरच्या आत-बाहेर टॉर्क बास. टॉर्कचा पाना नसेल तर छोट्या रॅचेटवर मनगटाचा जोर, दंडाचा नाही.

तपासणी: हाताने ढकलला, दाबल्यासारखा हलला, मुकाट परत आला. पंखा हाताने फिरवला, कुठे घासत नाही. होजना पीळ नाही. मग बॅटरी जोडून पुन्हा तोच वायरचा प्रयोग. पंखा सुरू. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. पंखा चालू आहे का, हे भाच्याला ओरडून विचारावं लागलं.

इंजिन सुरू, एसी चालू. अगदी शून्य नाही. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला पंचवीस ठोके देतं, ते थोडे जाणवणारच. पण मुंग्या गेल्या.

खर्च: चार रबरं ६८० रुपये, रसायन-प्रायमर-रंग ४१० रुपये, वाया गेलेला पट्टा ४० रुपये. भाच्याला मिसळ आणि वर दोनशे.

१३ मे, सोमवार

दुपारी धुळीचं वादळ. ऑफिसातून खाली येईपर्यंत गाडी मातीच्या रंगाची. संध्याकाळी पाइपाने जाळी धुतली, शक्य तितकी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या धारेने. सर्व्हिस सेंटरवाले प्रेशरची तोटी जवळ धरतात, त्याने फिन, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्या, झोपतात. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये जे साचतं ते बाहेरून दिसतच नाही.

२० मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. मत देऊन आलो, शाई लावणाऱ्या बाईंनी माझी नखं बघून विचारलं, "आधीच लावून आलात का?" रबराचा काळेपणा काही जाता जात नाही.

नंतर लांब चक्कर. मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने चेंबूर, तिथून फ्रीवे, पी. डी'मेलो रोडला उतरून परत. तापमानाचा काटा मध्याच्या किंचित खाली स्थिर. घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर वरचे बोल्ट तपासले, ढिले नाहीत. पाण्याची पातळी तीच.

११ जून, मंगळवार

पाऊस परवा रविवारी आला. आज ऑफिसला जाताना एलबीएस रोडवर पाण्याखाली लपलेल्या पहिल्या खड्ड्यात डावं चाक गेलं. नवीन खड्डा, ओळख नव्हती. माझे दात आपटले, 'टक' आला नाही. सिग्नलला आरशात मागच्या रिक्षाचा नंबर दिसला, उलटा का होईना, वाचता आला.

घरी आल्यावर टॉर्च मारून बघितलं. डाव्या खोबणीच्या भोकातून पाणी थेंब-थेंब बाहेर पडत होतं. पण वरच्या होजच्या तोंडाशी हिरवट ओल आहे. बोट लावलं, चिकट, कूलंटच, म्हणजे रेडिएटरचं पाणी. तोंडाला भेग दिसत नाही, स्प्रिंगची क्लिप मात्र ढिली वाटते, पकडीने दाबली तर जोर न लावता उघडते. शनिवारी ऑपेरा हाऊस. क्लिपा दोन आणायच्या, आणि होज बाहेर निघणारच आहे तर तोही बघून घ्यायचा.